स्वाक्षरीतील जाहिरात: सरसकट बंदी घालावी की नियम करावेत?

घणसोलीतील एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या परिसरातील सोसायट्यांच्या रहिवाशांसाठी ते एक ऑनलाइन चर्चामंच चालवतात. पाणी, पार्किंग, सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस, पुनर्विकास अशा विषयांवर तिथे धागे निघतात. अलीकडे अनेक सभासदांनी आपल्या स्वाक्षरीत, म्हणजे प्रत्येक प्रतिसादाखाली आपोआप उमटणाऱ्या मजकुरात, आपापल्या व्यवसायाची जाहिरात टाकायला सुरुवात केली आहे. इस्टेट एजंट आहेत, इंटिरियरची कामे घेणारे आहेत, क्लास चालवणारे आहेत, घरगुती डबे देणाऱ्या भगिनी आहेत. काही वाचक वैतागले आहेत, तर काहींचे म्हणणे असे की लोकांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, चार ओळींनी कोणाचे काय बिघडते? अशा वेळी सरसकट बंदी घालावी का, आणि घालायची नसेल तर किती ओळी, किती दुवे आणि कोणाला परवानगी द्यावी?

मी ठाण्यात घोडबंदर रोड परिसरातील रहिवाशांच्या अशाच एका मंचाची अनेक वर्षे मॉडरेटर आहे. तेथील अनुभवाच्या आधारे उत्तर देते.

ओळी आणि दुवे मोजण्याचा प्रश्न सोपा आहे आणि त्याकडे मी पुढे येईनच. मूळ प्रश्न मात्र वेगळा आहे. आपल्या मंचावर येणारा माणूस सल्ला घ्यायला येतो, आणि सल्ला देणारा कोण आहे हे कळल्याशिवाय त्या सल्ल्याचे वजन त्याला ठरवता येत नाही. एक नेहमीचे उदाहरण पाहू. जुलै महिन्यात वरच्या मजल्यावरचा एखादा रहिवासी विचारतो की छतातून गळती होत आहे, गच्चीचे काय करावे? त्यावर प्रतिसाद येतो, ‘पॅचवर्कवर पैसे घालवू नका. जुना कोबा पूर्ण उखडून नव्याने ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा करून घ्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच.’ हा सल्ला शंभर टक्के बरोबर असू शकतो. परंतु तो देणारा स्वतः वॉटरप्रूफिंगचा कंत्राटदार असेल, तर वाचणाऱ्याला ते माहीत असले पाहिजे, कारण पूर्ण कोबा उखडण्याच्या कामात आणि दोन भेगा भरण्याच्या कामात खर्चाचा फार मोठा फरक असतो.

सरसकट बंदी घातल्यावर नेमके हेच दिसेनासे होते. तो कंत्राटदार मंच सोडून जात नाही. तो ‘एक रहिवासी’ म्हणून तोच सल्ला देतो आणि प्रश्न विचारणाऱ्याला व्यक्तिगत निरोपातून आपला नंबर पाठवतो. पुढे एखाद्या डु-आयडीने, म्हणजे स्वतःच्याच दुसऱ्या बनावट खात्याने, येऊन ‘यांचे काम उत्तम आहे, आमच्या सोसायटीत केले आहे’ असेही लिहून जातो. म्हणजे जाहिरात होतेच, फक्त तिच्यावरची पाटी निघून जाते. म्हणून माझे ठाम मत असे आहे की नियमांचा रोख जाहिरात हटवण्यापेक्षा हितसंबंध उघड करण्याकडे असावा. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. शिफारस करणारा आणि माल विकणारा यांच्यात वाचकाला सहज लक्षात न येणारा संबंध असेल तर तो स्पष्ट सांगितला पाहिजे, हेच त्यांतही अपेक्षिले आहे. आपला मंच लहान असला तरी तत्त्व तेच आहे.

हे मान्य केले की स्वाक्षरीतील मजकुराचे दोन भाग वेगळे दिसू लागतात. एक भाग ओळख सांगतो, दुसरा गिऱ्हाईक बोलावतो. आमच्याकडे एका सभासदांची स्वाक्षरी साधारण अशी होती: ‘घर घ्यायचंय? विकायचंय? भाड्याने द्यायचंय? घोडबंदर रोडवरील नंबर वन इस्टेट कन्सल्टंट! आजच फोन करा!’ त्याखाली दोन मोबाइल नंबर, तीन दुवे आणि एका टॉवरचे रंगीत चित्र. आम्ही त्यांच्याशी बोलल्यावर ती अशी झाली: ‘इस्टेट एजंट, माजिवडा ते कासारवडवली. महारेरा नोंदणी क्रमांक अमुक. संपर्क प्रोफाइलवर.’ महारेरा म्हणजे बांधकाम प्रकल्प आणि एजंट यांची नोंदणी करणारे राज्याचे प्राधिकरण. या दुसऱ्या स्वाक्षरीने वाचकाला पहिलीपेक्षा अधिक माहिती मिळते आणि जागा निम्म्याहूनही कमी लागते. ‘नंबर वन’ हा शब्द गेल्याने त्या सभासदांचे काही नुकसान झाल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

येथपर्यंतचे बहुतेक सगळ्याच मंचांना लागू पडेल, परंतु यापुढचे बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे. आपल्याकडे रोज किती प्रतिसाद येतात, मॉडरेटर किती जण आहेत, मंच केवळ सभासदांनाच दिसतो की गूगलवरून येणाऱ्या कोणालाही, आणि मुख्य म्हणजे कोणते सॉफ्टवेअर वापरता, यावर नियम किती बारीक असावेत हे ठरते. डिस्कोर्ससारख्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये स्वाक्षरीची सोय मुळातच नसते, ती वेगळे प्लगइन घालून आणावी लागते. तेथे हा प्रश्न आपल्याला पडलाच नसता. आपल्या वर्णनावरून आपण पीएचपीबीबी किंवा तशाच पद्धतीचे जुने सॉफ्टवेअर वापरत असावेत असे धरून पुढे लिहिते. ज्या नियमाची अंमलबजावणी आपण रोज करू शकणार नाही तो लिहूच नये, कारण तो केवळ चहाडखोरांच्या उपयोगाचा ठरतो.

आता ओळींविषयी. चार ओळींची मर्यादा ही इंटरनेटवरच्या चर्चांइतकीच जुनी आहे. यूजनेटच्या, म्हणजे वेबपूर्वीच्या चर्चागटांच्या, काळात स्वाक्षरीच्या आधी दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा टाकण्याचा संकेत होता, जेणेकरून वाचणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला खालचा मजकूर ओळखून बाजूला काढता येई. ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ या क्रमांकाने इंटरनेटवरील शिष्टाचारांचा जो दस्तऐवज निघाला, त्यातही स्वाक्षरी चार ओळींहून मोठी नसावी असेच म्हटले आहे. त्या काळी कारण संगणकाच्या पडद्याचे आणि महागड्या जोडणीचे होते. आज कारण मोबाइलचे आहे: दोन ओळींच्या प्रतिसादाखाली सात ओळींची स्वाक्षरी आली की लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्याला चर्चा सापडतच नाही. आम्ही तीन ओळींवर थांबलो आहोत, चित्रांना पूर्ण मनाई आहे, आणि अक्षरांचा आकार व रंग बदलण्याची सोय सॉफ्टवेअरमधूनच बंद केली आहे.

मराठी मंचासाठी येथे एक बारकावा आहे. पीएचपीबीबीमध्ये स्वाक्षरीची मूळ मर्यादा २५५ अक्षरांची असते, परंतु सॉफ्टवेअर देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र अक्षर म्हणून मोजते. ‘ठाणे’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, संगणक मात्र चार मोजतो. त्यामुळे तीच मर्यादा इंग्रजीत लिहिणाऱ्याला ऐसपैस आणि मराठीत लिहिणाऱ्याला तोकडी पडते, आणि मग लोक नाइलाजाने रोमन लिपीकडे वळतात. ही मर्यादा ४०० च्या आसपास न्यावी आणि ओळींची मर्यादा वेगळी ठेवावी, म्हणजे मराठीत लिहिणाऱ्यावर अन्याय होत नाही.

दुव्यांबाबत मात्र मी कडक आहे. निव्वळ स्पॅमसाठी आलेली खाती एका ठरावीक पद्धतीने वागतात. ती नोंदणी करतात, एखाद्या जुन्या धाग्यावर ‘छान माहिती, धन्यवाद’ एवढेच लिहितात आणि खरा माल स्वाक्षरीतील दुव्यात असतो. त्यांना आपल्या वाचकांशी काही देणेघेणे नसते, आपल्या मंचावरून दुवा मिळाला की त्यांच्या संकेतस्थळाचे गूगलमधील स्थान वर सरकेल अशी त्यांची अपेक्षा असते. यावर उपाय म्हणून गूगलने जानेवारी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण आणली. ती लावलेला दुवा क्रमवारीत मोजू नये, असा तिचा अर्थ होता. सप्टेंबर २०१९ मध्ये वापरकर्त्यांनी लिहिलेल्या मजकुरासाठी ‘यूजीसी’ आणि पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ अशा आणखी दोन खुणा आल्या. आपल्या मंचावरील स्वाक्षरीतील प्रत्येक दुव्याला यांपैकी योग्य ती खूण आपोआप लागते का, हे तांत्रिक काम पाहणाऱ्या व्यक्तीकडून आधी तपासून घ्या. मात्र केवळ खुणेने स्पॅम थांबत नाही, कारण टाकणारा बहुधा ती तपासतच नाही. म्हणून नव्या सभासदाला स्वाक्षरीत दुवा देण्याची परवानगी काही काळ नसावी.

हा ‘काही काळ’ प्रतिसादांच्या संख्येवर ठरवू नका असे मी आग्रहाने सांगेन. वीस प्रतिसादांची अट घातली की लोक वीस वेळा ‘+१’ (म्हणजे ‘सहमत’) लिहितात आणि सगळ्या मंचाचा कचरा होतो. आम्ही नोंदणीला तीन महिने पूर्ण झाल्यावर सभासदाने अर्ज करायचा आणि मॉडरेटरने त्याचे आधीचे लेखन पाहून परवानगी द्यायची, अशी पद्धत ठेवली आहे. यात आमचा वेळ जातो, हे खरे आहे. परंतु त्या निमित्ताने लेखन खरोखर वाचले जाते आणि जो माणूस सोसायटीच्या कन्व्हेयन्सवर (जमिनीच्या हस्तांतरणावर) किंवा टँकरच्या पाण्यावर मन लावून लिहितो, त्याला त्याच्या व्यवसायाचा एक दुवा देताना कोणालाच जड वाटत नाही.

आता ज्या गोष्टीकडे बहुतेक चालकांचे लक्ष जात नाही तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. पीएचपीबीबीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्वाक्षरीचा मजकूर प्रतिसादात साठवलेला नसतो, तो सभासदाच्या प्रोफाइलमध्ये असतो. प्रतिसादात फक्त ‘स्वाक्षरी दाखवावी’ एवढी नोंद असते. परिणामी सभासदाने आज स्वाक्षरी बदलली की त्याच्या आजवरच्या प्रत्येक प्रतिसादाखाली ती बदलते. समजा, एका गृहस्थांनी पूर्वी केवळ रहिवासी म्हणून, स्वतःच्या सोसायटीच्या अनुभवावरून, स्ट्रक्चरल ऑडिटविषयी निःपक्षपाती माहिती लिहिली. पुढे त्यांच्या मुलाने पुनर्विकासाची प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टन्सी सुरू केली आणि त्यांनी तिचे नाव स्वाक्षरीत घातले. त्या क्षणी त्यांचे जुने निःपक्षपाती लेखन जाहिरातीसारखे दिसू लागते. उलट बाजूही तितकीच त्रासाची आहे. ज्याने कंत्राटदार असताना सल्ले दिले, त्याने आज स्वाक्षरी पुसली तर तेच सल्ले त्रयस्थाचे वाटतात. आणि तिसरी शक्यता सर्वांत वाईट असते: वर्षानुवर्षे न वापरलेले खाते कोणी पासवर्ड फोडून ताब्यात घेतले, तर एका फटक्यात शेकडो जुन्या प्रतिसादांखाली भलतेच दुवे झळकतात.

यावरून मी असा निष्कर्ष काढला आहे की हितसंबंध सांगण्याचे काम एकट्या स्वाक्षरीवर सोपवता येत नाही. सभासद स्वतःच्या धंद्याशी संबंधित धाग्यावर लिहीत असेल, तर ‘मी स्वतः या व्यवसायात आहे’ हे वाक्य त्याने प्रतिसादातच, शक्यतो पहिल्या ओळीत लिहावे. प्रतिसादातील वाक्य त्या तारखेशी बांधलेले राहते, स्वाक्षरी बदलली तरी ते बदलत नाही, आणि ज्यांनी आपल्या सेटिंगमध्ये स्वाक्षऱ्या न दिसण्याचा पर्याय निवडला आहे त्यांनाही ते दिसते. आमच्याकडे हाच नियम सर्वांत वरचा आहे आणि बाकीचे नियम त्याच्या मागून येतात. याशिवाय आम्ही प्रोफाइलमध्ये ‘व्यवसाय’ असा एक रकाना वाढवून तो नावाखाली दिसेल अशी सोय केली आहे, आणि लॉग-इन न केलेल्या वाचकांना स्वाक्षऱ्या दाखवणेच थांबवले आहे. गूगलचा शोधयंत्रणेचा रोबोटही लॉग-इन करून येत नसल्याने, स्वाक्षरीतील दुव्यांसाठी नोंदणी करणाऱ्यांना येथे मिळण्यासारखे काही उरत नाही. वापरात नसलेल्या खात्यांबाबत म्हणाल तर एक वर्ष लॉग-इन न केलेल्या सभासदाला स्वाक्षरीत बदल करण्यापूर्वी ईमेल पुन्हा पडताळावा लागतो.

काही व्यवसायांच्या बाबतीत नियम आपण करायचे नसतात, ते कायद्यानेच केलेले असतात, आणि ते माहीत असणे आपल्याला उपयोगी पडते. नव्या प्रकल्पांची जाहिरात करणाऱ्या एजंटांचा प्रश्न आपल्याकडे सर्वांत मोठा असणार. रेरा कायदा, २०१६ नुसार नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाची जाहिरात नोंदणीशिवाय करता येत नाही, अशा प्रकल्पातील घरे विकून देणाऱ्या एजंटाचीही नोंदणी असावी लागते, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोडही बंधनकारक केला आहे. क्यूआर कोड तीन ओळींच्या स्वाक्षरीत बसणार नाही, म्हणून आम्ही स्वाक्षरीत कोणत्याही प्रकल्पाचे नावच येऊ देत नाही. एजंटाने स्वतःची ओळख आणि नोंदणी क्रमांक द्यावा, तेवढे पुरे. केवळ जुन्या इमारतींतील भाड्याचे व्यवहार पाहणाऱ्याकडे असा क्रमांक नसू शकतो. त्याला त्यासाठी अडवू नये.

वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनुसार कामासाठी जाहिरात करता येत नाही. डॉक्टर आणि चार्टर्ड अकाउंटंट यांच्यावरही त्यांच्या व्यावसायिक आचारसंहितेची तशीच बंधने आहेत. अशा सभासदांच्या स्वाक्षरीत नाव आणि पेशा इतकेच असावे. शेअर बाजाराच्या ‘टिप्स’ देणाऱ्या टेलिग्राम चॅनलचे दुवे आम्ही विचारपूसही न करता काढतो. गुंतवणुकीचा सल्ला हा व्यवसाय असेल तर त्याला सेबीची नोंदणी लागते, आणि तो क्रमांक दाखवता आला तर पुढचे बोलावे. मधुमेह कायमचा बरा करण्याची हमी देणाऱ्या औषधाची जाहिरात १९५४ च्या औषधे व चमत्कारिक उपाय अधिनियमाखाली गुन्हा ठरते, तेथेही चर्चेला जागा नाही.

डबे, केक, दिवाळीचा फराळ, शिकवण्या, ब्लाउज शिवणे अशा घरगुती व्यवसायांबद्दल मला मनापासून काही सांगायचे आहे. एजंटावर चिडलेले सभासद जेव्हा सगळ्याच जाहिराती बंद करा म्हणतात, तेव्हा पहिला फटका या भगिनींना बसतो. त्यांच्याकडे दुसरे माध्यम नसते आणि परिसराला त्यांची खरोखर गरज असते. नेरूळच्या एकट्या राहणाऱ्या आजोबांना संध्याकाळचा डबा कोण देईल, हे मंचावर कळत नसेल तर मंचाचा उपयोग काय? त्यांच्यासाठी एक स्वतंत्र धागा ठेवावा, तो दर महिन्याला नव्याने सुरू करावा, प्रत्येकीने महिन्यातून एकदा दर, विभाग आणि वेळ यांसह तेथे लिहावे, आणि स्वाक्षरीतून त्या धाग्याकडे दुवा द्यायला मुभा असावी. मंचाच्या आतील दुवा असल्याने त्यातून स्पॅमचा धोका नसतो.

सर्वांत कडक नियम मॉडरेटर आणि चालकांना हवा. आम्हा मॉडरेटरांपैकी कोणाच्याही स्वाक्षरीत व्यवसायाचा उल्लेख नसतो, प्रोफाइलमधील ‘व्यवसाय’ रकाना मात्र भरलेला असतो. स्वतःच्या धंद्याशी संबंधित तक्रार आली तर ती दुसऱ्या मॉडरेटरकडे सोपवली जाते. महापालिका निवडणुकीच्या काळात इच्छुकांची नावे, पक्षचिन्हे आणि घोषणा स्वाक्षऱ्यांत येऊ लागतात, त्याही आम्ही सर्वांच्या सारख्याच काढतो. तो निर्णय निवडणूक जाहीर होण्यापूर्वी लिहून ठेवलेला असावा, नाहीतर आपण कोणाच्या तरी बाजूचे ठरतो.

नियम मोडणाऱ्याशी कसे बोलावे यावर सगळे यश अवलंबून असते. आम्ही चारचौघांत, धाग्यावर, कधीही टोकत नाही. व्यक्तिगत निरोप पाठवतो आणि त्याचा मजकूर साधारण असा असतो: ‘नमस्कार. आपल्या स्वाक्षरीत दोन बाहेरील दुवे आणि प्रकल्पाचे नाव आहे. आपल्या मंचाच्या नियमानुसार एक दुवा चालतो आणि प्रकल्पाचे नाव चालत नाही. कृपया चार दिवसांत बदल करावा. अडचण असल्यास मला कळवा, मजकूर लिहून देण्यास मदत करीन.’ हे शेवटचे वाक्य वगळू नका. पुष्कळ सभासदांना नियम मोडायचा नसतो, नेमके लिहायचे कसे हे त्यांना सुचलेले नसते. चार दिवसांत बदल झाला नाही तर फक्त स्वाक्षरी काढावी, खाते बंद करू नये. प्रतिसादाला हात लावू नये, कारण त्यात माहिती असते.

आपल्याला मसुदा हवा असेल तर आमच्या नियमांचा गाभा असा आहे: ‘सभासदाने स्वतःच्या किंवा निकटच्या नातेवाइकाच्या व्यवसायाशी संबंधित विषयावर लिहिताना तो संबंध प्रतिसादातच सांगावा. स्वाक्षरी तीन ओळींची असावी, तीत व्यवसाय, परिसर व लागू असल्यास नोंदणी क्रमांक द्यावा. नोंदणीनंतर तीन महिन्यांनी, परवानगी घेऊन, बाहेरील एक दुवा देता येईल. चित्रे, सवलती, दर, प्रकल्पांची नावे, तसेच स्वतःची इतरांशी तुलना करणारे दावे स्वाक्षरीत नसावेत. केवळ स्वाक्षरी दिसावी म्हणून प्रतिसाद देऊन जुना धागा वर काढल्यास तो प्रतिसाद हटवला जाईल.’ आपल्या मंचावर वाचक कमी असतील तर तीन महिन्यांची अट एका महिन्यावर आणायला हरकत नाही. पहिले वाक्य मात्र सौम्य करू नये.

हे नियम लागू करताना आधी महिनाभर धाग्यावर चर्चेसाठी ठेवा आणि जे व्यावसायिक सभासद नियमित व चांगले लिहितात त्यांना व्यक्तिगत निरोपातून मत विचारा. आमच्याकडे ‘निकटच्या नातेवाइकाच्या’ हे शब्द अशाच एका इस्टेट एजंट सभासदांच्या सूचनेवरून आले. चर्चेनंतर तारीख जाहीर करावी आणि त्या दिवशी सर्वांच्या स्वाक्षऱ्या एकदम कोऱ्या करून प्रत्येकाला नव्याने लिहायला सांगावे. एकेकाची स्वाक्षरी तपासत बसण्यापेक्षा यात श्रम कमी लागतात, आणि ‘माझीच का काढली’ असे कोणालाही म्हणता येत नाही. त्याआधी डेटाबेसचा बॅकअप घ्यायला विसरू नका.